मानेची नस आणि हृदयाचा बायपास एकाच वेळी: नैरोबीहून मुंबईला येण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नैरोबीत राहणाऱ्या एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वय ७१, जुना मधुमेह, रक्तदाब. चालताना छातीत दाब येतो म्हणून तिथे अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या तिन्ही नसांमध्ये ब्लॉकेज निघाले आणि लेफ्ट मेन, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त देणारी मुख्य नस, ७० टक्के अरुंद. बायपासच्या आधीची तपासणी म्हणून मानेचा डॉपलर (नसांची सोनोग्राफी) केला, तर डाव्या कॅरॉटिडमध्ये, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीत, ८० ते ९० टक्के ब्लॉकेज आणि उजवीकडे ५०च्या आसपास. मुंबईच्या एका रुग्णालयाने ‘दोन्ही ऑपरेशनं एकाच वेळी, चौदाव्या दिवशी परत’ असं पॅकेज पाठवलं आहे. पुण्याच्या एका डॉक्टरांचा सल्ला आहे की आधी मानेत स्टेंट टाकावा आणि महिन्याने बायपास करावा. कोणाचं ऐकावं, विमानप्रवास झेपेल का, परत कधी जाता येईल, असे तीन प्रश्न आहेत. आणि पत्राच्या तळाशी, जाता जाता, एक ओळ: ‘तीन आठवड्यांपूर्वी बाबांच्या डाव्या डोळ्यासमोर दहा मिनिटं पडदा आल्यासारखं झालं होतं, पण ते आपोआप गेलं.’

मी सगळ्यात आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलतो, कारण माझं सगळं उत्तर तिच्यावर उभं आहे.

एका डोळ्यासमोर वरून खाली पडदा उतरावा तसा अंधार येणं आणि काही मिनिटांत जाणं, ही डोळ्याची तक्रार नाही. मानेतल्या धमनीच्या आत चरबीचा आणि कॅल्शियमचा जो थर साचलेला असतो, त्याचा एखादा कण सुटतो आणि डोळ्याच्या बारीक नसेत जाऊन अडकतो. तो विरघळला की दृष्टी परत येते. हाच कण डोळ्याऐवजी मेंदूत गेला असता तर उजवा हात लुळा पडला असता किंवा वाचा गेली असती. डावी कॅरॉटिड अरुंद आणि पडदा डाव्याच डोळ्यावर, म्हणजे बाजू जुळते. वडिलांची मान बोलायला लागली आहे.

‘मान बोलते का?’ हा प्रश्न मी प्रत्येक बायपासच्या रुग्णाच्या बाबतीत विचारतो, कारण ज्यांची मान गप्प आहे त्यांचा रस्ता वेगळा आहे. डॉपलरमध्ये ८० टक्के दिसलं, पण कधी हात लुळा पडला नाही, तोंड वाकडं झालं नाही, बोलणं अडखळलं नाही, डोळ्यावर पडदा आला नाही, अशा माणसाची मानेची नस बायपासबरोबर साफ करण्याची घाई करू नये असं माझं मत आहे. जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकात नेमकी अशाच रुग्णांवर एक चाचणी झाली. लक्षण काहीही नाही, पण कॅरॉटिड ८० टक्के किंवा जास्त अरुंद. निम्म्यांना फक्त बायपास, निम्म्यांना दोन्ही एकत्र. २०१७ साली निकाल आले. ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू झाला तो फक्त बायपास केलेल्यांत ९.७ टक्के आणि दोन्ही केलेल्यांत १८.८ टक्के. रुग्ण पुरेसे मिळाले नाहीत, १२७वरच ती चाचणी थांबली, त्यामुळे या आकड्यांना दगडावरची रेघ समजू नका. पण ‘एकदाच भूल, एकदाच खर्च, दोन्ही कामं उरकली’ हा हिशेब रुग्णाच्या फायद्याचा असतोच असं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

लोकांना वाटतं, बायपासच्या वेळी पक्षाघात होतो तो मानेच्या नसेमुळे. बऱ्याचदा तसं नसतं. बायपासनंतर साधारण १०० पैकी दोघांना पक्षाघात होतो, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांच्या मानेत दखल घेण्याजोगं काहीच नसतं. कण येतात ते महाधमनीतून, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीतून. तिच्या भिंतीवर चुन्यासारखा थर असतो आणि आपण तिथे क्लॅम्प लावतो, नळ्या घालतो, भोकं पाडून ग्राफ्ट, म्हणजे रक्ताला नवी वाट देणारी नस, जोडतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित होतात, एट्रियल फिब्रिलेशन, त्यातूनही गुठळी जाते. मान साफ केली म्हणून हे दोन धोके जात नाहीत. म्हणून तुमच्या पॅकेजवाल्या सर्जनना माझा पहिला प्रश्न मानेबद्दलचा नसेल. महाधमनीला हात न लावता बायपास करता येईल का, हे मी विचारेन. धडधडत्या हृदयावर, हार्ट-लंग मशीन न लावता, छातीच्या आतल्या बाजूची मॅमरी धमनी वापरून आणि तिलाच हाताची रेडियल धमनी वाय आकारात जोडून हे करता येतं. भारतात ऑफ-पंप बायपासचा हात बऱ्याच सर्जनांना बसलेला आहे आणि तुमच्या वडिलांसारख्या रुग्णाला त्याचा खरा उपयोग आहे.

आता वडिलांच्या प्रकरणाकडे. लक्षण आलेली आणि ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झालेली कॅरॉटिड तशीच ठेवायची नसते, यावर जगभर एकमत आहे. १९९१ साली उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले तेव्हा हा वाद मिटला. नुसत्या औषधांवर ठेवलेल्या १०० पैकी २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला, ऑपरेशन केलेल्यांत ९ जणांना. औषधं तेव्हापासून खूप सुधारली आहेत, तरी मुद्दा तसाच आहे. आणि धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या दोन आठवड्यांत. ते दोन आठवडे तर गेलेच, तुमचे तीन आठवडे झाले आहेत. यात तुमचा दोष नाही, पडदा येऊन गेला की कुणालाही वाटतं की थकव्याने झालं असेल. पण आता आणखी महिना घालवायचा नाही.

म्हणूनच पुण्याचा सल्ला, आधी स्टेंट आणि महिन्याने बायपास, तुमच्या वडिलांसाठी मला पटत नाही. तो सल्ला चुकीचा आहे असं नाही, ज्याच्या हृदयाचं ऑपरेशन महिनाभर लांबवता येतं त्याच्यासाठी तो विचार करण्यासारखा आहे. स्टेंट टाकल्यावर ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) साधारण चार आठवडे द्यावंच लागतं, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी होते. ती गोळी चालू असताना छाती उघडली तर रक्तस्राव आवरत नाही, आणि बायपाससाठी ती पाच दिवस आधी बंद करावी लागते. म्हणजे लेफ्ट मेन ७० टक्के असलेल्या माणसाने महिनाभर वाट पाहायची. शिवाय स्टेंट फुगवताना मानेतल्या दाब-संवेदक पेशी दाबल्या जातात, नाडी मंदावते, रक्तदाब कोसळतो. तरण्या हृदयाला ते सोसतं, लेफ्ट मेनच्या रुग्णाला नाही. आणि सत्तरीच्या पुढच्या रुग्णांत कॅरॉटिड स्टेंटच्या वेळी पक्षाघात होण्याचा धोका ऑपरेशनपेक्षा जास्त असतो, हे मोठ्या चाचण्यांत दिसलेलं आहे.

तिसरा रस्ता म्हणजे आधी नुसती मान उघडून साफ करणं आणि आठवड्याने बायपास. यात मधल्या दिवसांत हार्ट ॲटॅक येण्याचा धोका असतो. चौथा रस्ता, आधी बायपास आणि मग मान. यात बोलणारी मान तशीच ठेवून तुम्ही रुग्णाला मोठ्या ऑपरेशनमधल्या रक्तदाबाच्या चढ-उतारातून नेता. हृदयही वाट पाहू शकत नाही आणि मानही वाट पाहू शकत नाही, असे रुग्ण थोडे असतात. १९७२ साली अमेरिकेत पहिल्यांदा ही दोन ऑपरेशनं एका बैठकीत केल्याचं छापून आलं ते अशाच रुग्णांसाठी. तुमचे वडील त्या थोड्यांपैकी आहेत असं मला कागदांवरून वाटतं. म्हणजे मुंबईच्या रुग्णालयाने सांगितलेला उपाय बरोबर असू शकतो. पण त्यांच्या कागदात डोळ्याच्या पडद्याचा उल्लेखच नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तुम्ही लांबून येताय, एकाच फेरीत व्हावं, म्हणून त्यांनी तसं सुचवलंय. परतीचं तिकीट पाहून ऑपरेशन ठरवायचं नसतं. त्यांना आजच कळवा की रुग्णाला डाव्या डोळ्याचं लक्षण आलेलं आहे, आणि मग त्यांचं उत्तर काय येतं ते पाहा.

धोका किती, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला हवं. हजारो रुग्णांचे अहवाल एकत्र करून पाहिलेल्या एका जुन्या आढाव्यात एकत्र ऑपरेशननंतर पक्षाघात किंवा मृत्यू मिळून १०० पैकी जवळपास ९ जणांना झाला होता. सराव असलेल्या टीमकडे तो कमी असतो, नसलेल्यांकडे जास्त. म्हणून जगाचा आकडा ऐकून समाधान मानू नका. गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडे अशी एकत्र ऑपरेशनं किती झाली, किती जणांना पक्षाघात झाला, किती दगावले, आणि ऑपरेशननंतर रुग्णाला न्यूरॉलॉजिस्टने स्वतः तपासलं का, हे विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण शोधलाच नाही तर छोटा पक्षाघात सापडत नाही. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. मान कोण करणार, हेही विचारा. हृदयाचा सर्जनच दोन्ही करतो अशाही जागा आहेत आणि त्यात गैर काही नाही, पण वर्षाकाठी दोन-चार माना करणाऱ्यापेक्षा नियमित मान करणारा व्हॅस्क्युलर सर्जन बरोबर असलेला मला जास्त आवडतो.

निघण्याआधी नैरोबीतच करून घेण्यासारख्या काही गोष्टी आहेत. मेंदूचा एमआरआय, डिफ्युजनसह (म्हणजे ताजा व्रण दाखवणाऱ्या चित्रांसह). डोळ्याबरोबर मेंदूतही ताजा व्रण झालेला असेल आणि तो मोठा असेल, तर लगेच मान उघडल्यावर त्या भागात रक्तस्राव होऊ शकतो आणि सगळं वेळापत्रक बदलतं. दुसरी तपासणी सीटी अँजिओ, पण नुसती मानेची नको. महाधमनीच्या कमानीपासून डोक्यापर्यंत सांगा. डॉपलर करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असतं आणि कॅल्शियम जास्त असेल तर ८० आणि ९५ यात गल्लत होते. या एका सीटीत मानेची खात्री होते, कमानीत चुना किती आहे ते दिसतं, आणि डाव्या हाताकडे जाणारी सबक्लेव्हियन धमनी मोकळी आहे का तेही कळतं. हे शेवटचं का, तर मॅमरी धमनी तिच्यातूनच निघते. सबक्लेव्हियन अरुंद असेल तर आम्ही जोडलेला सगळ्यात चांगला ग्राफ्ट उपाशी राहतो. याची चाहूल घरीही लागते. दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजा. डावीकडे २० अंकांनी कमी आला तर आम्हाला जरूर कळवा. अँजिओग्राफीला दिलेल्या डायमुळे मूत्रपिंडावर ताण आलेला असतो, म्हणून सीटीआधी क्रिएटिनिन पाहून घ्या आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) कधी थांबवायचं ते तिथल्या डॉक्टरांना विचारा.

मधुमेहाच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का तेही बघा. ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ती थांबवावी लागते, नाहीतर साखर नॉर्मल दिसत असतानाही शरीरात आम्ल वाढतं. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) मात्र एक दिवसही चुकवू नका. प्रवासाच्या गडबडीत सगळ्यात आधी याच गोळ्या राहतात. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका, बोलणाऱ्या मानेला आत्ता त्याचंच संरक्षण आहे. कधी थांबवायचं ते सर्जन सांगतील. आणि रक्तदाब ‘छान ११०’ करण्याच्या मागे लागू नका. अरुंद नळीतून मेंदूपर्यंत रक्त पोचायला थोडा दाब लागतो.

प्रवास झेपेल का? छातीत दुखणं फक्त चालताना येत असेल, बसल्या जागी किंवा रात्री येत नसेल, आणि डोळ्याचं लक्षण परत आलं नसेल, तर झेपेल. सहा तासांच्या आसपासची सरळ फ्लाइट आहे. विमानाच्या केबिनमधली हवा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ असते, आणि खुद्द नैरोबी जवळपास १,८०० मीटरवर वसलेलं आहे. म्हणजे वडील रोजच जवळजवळ केबिनच्या हवेत राहतात, मुंबईच्या माणसापेक्षा त्यांना ती जास्त सवयीची आहे. तरी एअरलाइनचा मेडिकल फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या, व्हीलचेअर सांगा, नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे खिशात ठेवा, सामानाच्या बॅगेत नाही. मधे दुबई किंवा दोहाला विमान बदलून चार पैसे वाचवू नका. विमानतळावरची ती लांबलचक चाल लेफ्ट मेनच्या रुग्णाला विमानापेक्षा जास्त जड जाते.

बसल्या जागी दुखू लागलं तर मात्र बेत रद्द. मग तिथेच ॲडमिट करायचं. बायपास नैरोबीतही होतो, आणि अशा वेळी जवळचं बरं रुग्णालय हे लांबच्या उत्तम रुग्णालयापेक्षा चांगलं. तुम्हाला मुंबईची ओढ आहे, नातेवाईक आहेत, आपली भाषा आहे, हे मी समजतो. तरी तिथल्या कार्डिऑलॉजिस्टला स्पष्ट विचारा की हे दोन्ही इथे होईल का आणि त्यांच्या वडिलांना हे झालं असतं तर त्यांनी काय केलं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. वडिलांकडे ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असेल तर व्हिसाचा प्रश्न नाही. नुसता केनियाचा पासपोर्ट असेल तर ई-मेडिकल व्हिसा घ्या, त्यासाठी रुग्णालयाचं पत्र लागतं. त्यावर ६० दिवस राहता येतं आणि बरोबर दोघांना अटेंडंट व्हिसा मिळतो. टूरिस्ट व्हिसावर ऑपरेशनला येऊ नका, नंतर मुदत वाढवायची वेळ आली की धावपळ तुमची होते. केनियातून येणाऱ्याला यलो फीव्हरच्या लशीचं पिवळं कार्ड लागतं. जुनं असेल तर शोधून ठेवा, ते आयुष्यभर चालतं. कधीच लस घेतली नसेल तर साठीच्या पुढे पहिल्यांदा ती घेण्यात थोडा धोका असतो, आणि प्रमाणपत्र लागू व्हायला दहा दिवस जातात, म्हणून हे तिकीट काढण्याआधी सोडवा. रक्तगट आणि अँटिबॉडी स्क्रीनही तिथेच करून कळवा. बॉम्बे रक्तगट हा अतिशय दुर्मीळ गट १९५२ साली याच शहरात सापडला, आणि तो असलेला रुग्ण ऐन वेळी समोर आला की रक्तपेढीची काय तारांबळ उडते ते मी पाहिलं आहे.

पॅकेजच्या कागदात काय नाही ते वाचा. आयसीयूचे किती दिवस धरलेत, चौथ्या दिवसापासून दर काय, रक्त, मानेच्या धमनीवर शिवायचा पॅच (ठिगळ), गरज पडली तर बलून पंप (हृदयाला आधार देणारं यंत्र), न्यूरॉलॉजिस्टची भेट, पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं तर खर्च, हे सगळं आत आहे का ते लेखी घ्या. आणि ठरलेल्या रकमेपेक्षा वर थोडी रक्कम हाताशी ठेवा.

ऑपरेशनच्या दिवशी काय होतं ते घरच्यांना माहीत असलं की बाहेर बसणं थोडं सोपं जातं, म्हणून सांगतो. भूल दिल्यावर कपाळावर दोन पट्ट्या चिकटवतात, त्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा प्राणवायू सतत दाखवतात. आधी मान. कानाच्या खालून गळ्याकडे, स्नायूच्या पुढच्या कडेने चीर घेतात. त्याच वेळी दुसरी टीम हाताची किंवा पायाची नस काढत असते. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देऊन धमनीला चिमटे लावतात, ती उभी उघडतात आणि आतला थर सोलून काढतात. तो बऱ्याचदा अख्खा, आतल्या नळीच्या आकारातच निघतो. तेवढा वेळ मेंदूला रक्त दुसऱ्या बाजूने मिळतं, आणि पट्टीवरचा आकडा पडला तर मधे बारीक नळी, शंट, घालून पुरवठा चालू ठेवतात. तुमच्या वडिलांची उजवी बाजू ५०वर आहे, म्हणून शंट टेबलावर तयार असायलाच हवा. मग धमनीवर पॅच शिवतात, म्हणजे ती पुन्हा अरुंद होत नाही. यानंतर छाती. मानेची जखम मी तेव्हा पूर्ण बंद करत नाही. बायपास संपून हेपॅरिनचा असर उतरवला की मगच, रक्त थांबल्याची खात्री करून, शिवतो. मानेत साचलेलं रक्त श्वासनलिका दाबतं आणि ते फार झपाट्याने होतं.

शुद्धीवर आल्यावर आम्ही हात दाबायला सांगतो, जीभ बाहेर काढायला सांगतो, नाव विचारतो. जीभ एका बाजूला वळली, आवाज बसला किंवा ओठाचा कोपरा थोडा लोंबला तर घाबरू नका. मानेत त्या भागातून जाणाऱ्या चेतातंतूंना ओढ बसलेली असते, बहुतेकांचं काही आठवड्यांत ते सुधारतं. हात उचलत नसेल किंवा शब्द सापडत नसेल तर मात्र ती वेगळी गोष्ट आहे आणि मिनिटं मोजून धावायचं असतं.

आणि इथे मराठीचा प्रश्न येतो. वडील पन्नास वर्षं नैरोबीत आहेत, इंग्रजी आणि स्वाहिली सहज बोलतात. पण भुलीतून उठणारा माणूस आधी आईच्या भाषेत बोलतो. रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या सिस्टर केरळच्या असतील, ज्युनियर डॉक्टर उत्तरेकडचे. वडील काहीतरी पुटपुटताहेत एवढंच त्यांना कळेल. ते नीट मराठी बोलताहेत की शब्दांची खिचडी झाली आहे, हे ओळखणारं कुणी तिथे नसेल. मानेची डावी नस मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त नेते आणि बहुतेकांचं बोलणं तिथूनच चालतं, म्हणजे धोका नेमका वाचेलाच. माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत हे घडलं होतं. सकाळी त्यांची मुलगी आत आली आणि दोन वाक्यांत म्हणाली, ‘बाबा असे बोलत नाहीत.’ रात्रीचे कित्येक तास हातातून निघून गेले होते. तेव्हापासून घरातल्या एका माणसाला, रुग्ण जागा झाला की पाच मिनिटं आत येऊन त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलू द्या, असं मी स्वतः आयसीयूत लिहून ठेवतो. तुम्हीही हे आधीच मागून घ्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वडिलांना एखादं पाठ असलेलं म्हणायला सांगा, रामरक्षा असो की पाढे, आणि फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. दुसऱ्या दिवशी तुलना करायला त्याहून चांगलं काही नाही.

आता परतीचं. चौदाव्या दिवशी परत जायचं हे मला मान्य नाही. गुंतागुंत नसेल तर दहा दिवसांनंतर विमानात बसता येतं असं विमान प्रवासाचे नियम सांगतात, पण ते नुसत्या बायपासपुरतं आहे. मान साफ केल्यानंतर मेंदूला अचानक जास्त रक्त मिळू लागतं. वर्षानुवर्षं कमी दाबाला सरावलेल्या नसा ते झेलू शकत नाहीत आणि काहींना पहिल्या एक-दोन आठवड्यांत, क्वचित महिन्यापर्यंत, त्याच बाजूचं तीव्र डोकं दुखतं, रक्तदाब चढतो, फिट येते, क्वचित रक्तस्राव होतो. माझ्याच एका रुग्णाचं, तेही परदेशातूनच आले होते, नवव्या दिवशी डोकं ठणकत होतं. सांगितलं तर जाणं लांबेल म्हणून ते बोलले नाहीत. सुदैवाने विमानतळावर जाण्याआधीच फिट आली. मी त्यांना परतीच्या तारखेबद्दल आधी नीट समजावून सांगितलं नव्हतं, ही माझी चूक आणि ती मला आजही बोचते. म्हणून तुमच्या वडिलांसाठी किमान चार आठवडे, शक्य असेल तर सहा. तिकीट बदलता येणारं घ्या. व्हिसाच्या ६० दिवसांत हे आरामात बसतं. मधुमेह्यांच्या छातीच्या जखमेचा संसर्गही बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोकं वर काढतो. खोकताना छातीचं हाड ‘कट’ वाजलं, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला, तर त्या वेळी सर्जन अर्ध्या तासावर असलेला बरा.

ते दिवस हॉटेलात काढण्यापेक्षा नातेवाइकांकडे काढा, पण भेटायला येणाऱ्यांची रीघ आवरा. लिफ्ट असलेलं घर, रोज दोनदा रक्तदाब, रोज थोडं जास्त चालणं. निघण्याआधी मानेचा डॉपलर, छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि हिमोग्लोबिन. शेवटचं नैरोबीमुळे सांगतो. मुंबईत समुद्रसपाटीला साडेआठ हिमोग्लोबिन घेऊन माणूस चालतो-फिरतो, तोच १,८०० मीटरवर जिने चढायला लागला की धापा टाकतो.

डिस्चार्जच्या कागदात कोणता ग्राफ्ट कुठे जोडला आणि मानेवर कोणता पॅच लावला हे लिहून घ्या, आणि औषधं ब्रँडने नाही, मूळ नावाने. इथली नावं तिथल्या दुकानात कुणी ओळखणार नाही. नैरोबीत त्यांना कोण बघणार, हे इकडे येण्याआधीच ठरवा आणि ऑपरेशन करणाऱ्या सर्जनची त्यांच्याशी एकदा फोनवर गाठ घालून द्या.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना मानेबद्दल काही सांगितलेलं नाही, ‘नुसता बायपास आहे’ असं सांगितलंय, ते घाबरतील म्हणून. हे करू नका. मानेवर चीर पाहून त्यांना कळणारच आहे, आणि संमतीवर सही त्यांची असते. पण त्याहून मोठं कारण असं की पडदा परत आला तर तो फक्त त्यांनाच दिसणार आहे. तो का महत्त्वाचा हे त्यांना माहीत नसेल तर ते पुन्हा ‘आपोआप गेलं’ म्हणून गप्प बसतील. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि सांगा. डोळ्यासमोर अंधार, हाताला मुंग्या, हातातून कप सुटणं, शब्द न सापडणं, यातलं काहीही झालं, मिनिटभर जरी झालं, तरी रात्र असो की विमानाची वेळ झालेली असो, तुम्हाला उठवायचं आणि सरळ जवळच्या रुग्णालयात जायचं. सीटीची सीडी, एमआरआयचा अहवाल आणि दोन्ही हातांचा रक्तदाब मिळाला की मला कळवा, पुढचं आपण त्यावर ठरवू.